मऊ लागलेली सायकल

“बादली हाय ती, बादली. प्लास्टिकची. तिच्यावर बसून माझी पोरगी डोंगर उतरणार म्हणं,” आण्णा म्हणाले.

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” मी म्हणलं. “तुमचं सगळं लोखंडापाशी येऊन थांबलंय.”

“मग तुला कळतंय तर कर की गिअर. मी बघत बसतो.”

आण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत मालगाव रस्त्याला आमचं सायकलचं दुकान हाय. मी तेव्हा सोळाचा, नववीतनं शाळा सोडलेली, दिवसभर दुकानात त्यांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे काय, काम कमी आणि भांडण जास्त. त्या शुक्रवारी दुपारी ते दारातल्या स्टुलावर बसले, पायावर पाय टाकला आणि खरंच बघत बसले.

भांडण जिच्यावरनं चाललं होतं ती सायकल डॉक्टर नेर्लेकरांची. काळी, कार्बनची. नेर्लेकर दातांचे डॉक्टर, पण जीव सगळा सायकलीत. रविवारी दंडोबाच्या डोंगरावर मुलींची निवड होती, पहिल्या चौघी राज्याच्या रेसला जाणार. माझी बहीण पद्मजा, तिला मी अक्का म्हणतो, आदल्या वर्षी सहावी आली होती. तिच्या वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. म्हणून डॉक्टरांनी आपली सायकल आठवडाभर तिला दिली होती.

तिची पहिली रेसची सायकल आण्णांनी स्वतः केलेली. लोखंडी नळ्या तिच्या मापानं कापून, जोड पितळेनं झाळून. जड होती. पण उसाच्या ट्रॅक्टरनी उखडलेल्या रस्त्यावरनं तीन तास चालवून आली तरी पोरगी येऊन चहाला उभी राहायची. मग तिच्या सायकल क्लबनं अल्युमिनियमची दिली. ती हलकी, दाबली की पळायची, पण खडी लागली की दातावर दात. घरी आल्यावर अक्काच्या हातात कपबशी वाजायची. आणि आता ही तिसरी. मी एकदा गल्लीतनं फिरवून बघितली. खड्डा कळायचा, पण शेजारच्याला लागल्यागत. आणि पायडलवर उभं राहिलं की जोर कुठं वाया जायचा नाय, सगळा मागच्या चाकात. मी खुळाच झालो. अक्का म्हणत होती, पुढनं फार ताठ हाय रे, हाताला मुंग्या येतात. मीच तिच्या मागं लागलो, सवय होईल, हीच घे.

आण्णांना ते लागलं होतं. तसं बोलून दाखवायचे नाहीत. बादली म्हणायचे.

तर गिअर. चौथ्यावर चेन उडी मारत होती. ते लावायचं तर मागचं चाक हवेत पाहिजे, म्हणजे सायकल स्टँडला लटकवायला पाहिजे. आमचा स्टँड आण्णांनीच केलेला, जाड पाइपाला दोन लाकडी जबडे, मधी गोणपाट आणि आवळायला मूठ. सायकलची आडवी दांडी, पोरांना पुढं बसवून नेतात ती, जबड्यात घालायची आणि सायकल हलायची थांबेपर्यंत मूठ फिरवायची. वीस वर्षांत शेकड्यानं सायकली लटकल्या असतील तिथं. किती आवळायचं ते बघावं लागत नाय, हात आपोआप थांबतो.

डॉक्टर सायकल देताना मला म्हणाले होते, “सम्मेद, हिला दांडीला धरू नकोस. सीटच्या खांबाला धर.” मी मान हलवली होती. मनात म्हणलं होतं, दातवाल्यानं मला सायकल धरायला शिकवू नये. आणि खांबाला धरायचं तर सीट वर काढायला पाहिजे, अक्काची उंची परत मोजायला पाहिजे, आणि तेवढ्यात आण्णा स्टुलावरनं म्हणणार, बादली धरायला पण येत नाय वाटतं.

दांडीला धरली. आवळली. पुढचं चाक खाली झुकायला लागलं. म्हणून अजून अर्धा फेरा दिला.

टिक्.

एवढंच. फडक्याखाली पापडाचा कोपरा मोडावा एवढंच. मी आण्णांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. मी गिअर लावला, सायकल उतरवली, कोपऱ्यात नेऊन दांडी पुसली. रंगात एक रेघ होती, केसाएवढी बारीक, बोटाच्या पेराएवढी लांब. नख फिरवलं तर अडकल्यागत वाटलं. परत फिरवलं तर अडकलं नाय. रंगाचा ओरखडा हाय, मी स्वतःला सांगितलं. आणि मोठ्यानं म्हणलं, “झाला गिअर.”

“झाला का? बरं,” आण्णा म्हणाले.

शनिवारी सकाळी अक्का दोन तास चालवून आली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, “काय केलंस रे सायकलला?”

मला वाटलं, संपलं.

“कसली मऊ लागतीय आज,” ती म्हणाली. “पुढनं ताठ होती ना, ते गेलंच. आण्णांच्या सायकलीगत खड्डा पिऊन टाकतीय. गिअर लावलास तेवढाच?”

“तेवढाच.”

आतनं आण्णा हसले. आठवड्यात पहिल्यांदा हसले. आमच्या सायकलीगत म्हणं, ऐकलं का, असं आईला सांगायला आत गेले.

लोखंड मऊ लागतं कारण ते लवतं आणि परत जागेवर येतं, हे मला शाळेत नाय, दुकानात कळलं होतं. पण कार्बनची फ्रेम एका रात्रीत लवायला शिकत नाय. गिअर लावून तर नायच नाय. मग काय? हवा. चाकात हवा कमी असेल तरी मऊ लागतं. मी पंप घेऊन धावलो. देवा, हवा कमी असू दे, एवढंच म्हणत काटा बघितला. हवा बरोबर होती. मीच भरलेली.

अक्का अंघोळीला गेल्यावर मी रुपयाचं नाणं घेतलं आणि दांडीवर वाजवत गेलो. पुढनं सुरू केलं. टक, टक, टक. मधी आलो तसा आवाज बसल्यागत झाला. परत वाजवलं तर सगळीकडंच बसल्यागत यायला लागला. कान दांडीला लावला, रस्त्यावरनं टेम्पो गेला, काय कळंना. मग पुढचा ब्रेक दाबला, एक बोट त्या रेघेवर ठेवलं आणि हँडल पुढं ढकललं. बोटाखाली काहीतरी हललं. किंवा माझंच बोट हलत होतं.

दिवसभर मी सांगणार होतो. एकदा अक्का कपड्याला नंबर शिवत बसली होती तेव्हा गेलो. म्हणलं, उद्या आण्णांचीच सायकल ने. ती म्हणाली का? मी म्हणलं, आण्णांना बरं वाटेल. तोंडातनं तेच आलं. तिनं दोरा तोडला आणि माझ्याकडं बघितलं. आठ दिवस हीच घे, हीच घे म्हणून डोकं खाल्लंस, आता रेसच्या आदल्या दिवशी हे काय, म्हणाली. मी चिडलो. कशाला चिडलो ते मलाच माहीत नाय. म्हणलं, मर मग, आणि बाहेर गेलो. ते मर दिवसभर कानात राहिलं.

जेवताना परत तोंड उघडलं होतं. आण्णा तेव्हा आईला सांगत होते, पोरानं गिअर मात्र झकास लावलाय, मानायला पाहिजे. मला आठवतं त्यातनं त्यांनी माझं केलेलं ते पहिलंच कौतुक. मी आमटी वाढून घेतली.

रविवारी पहाटे टेम्पोत काळी सायकल चढवली आणि मागनं लोखंडी पण चढवली. आण्णा म्हणाले, “ही कशाला?”

“असू दे. ऐनवेळी काय झालं तर.”

आण्णांनी खिशातनं रुमाल काढला आणि लोखंडीचं हँडल पुसलं, मग सीट, मग दांडी. रस्ताभर ते तिच्याकडं बघत होते. त्यांना वाटत होतं मी त्यांचा मान ठेवलाय.

डोंगराच्या पायथ्याला मांडव घातला होता. मुलींना वर देवळापर्यंत जाऊन खाली यायचं, मैदानाला वळसा, आणि परत एकदा वर-खाली. दोनदा उतार. तो उतार मला माहीत होता. तिसऱ्या वळणाला रस्ता फुटलेला, कडेला कठडा नाय, खाली काळा दगड. मी डोळे मिटले की दांडी तिथंच मोडत होती. प्रत्येक वेळी तिथंच.

डॉक्टर पण आले होते, आपल्या सायकलवर कोण बसतंय ते बघायला, स्वतः सायकलिंगचे कपडे घालून तयार. माइकवाल्यानं मुलींना रेषेवर बोलावलं. अक्कानं एक पाय पलीकडं टाकला.

“अक्का, त्या सायकलवर बसू नको.”

“परत?” ती म्हणाली. “सम्या, आता नको हं.”

“मी मोडलीय ती. शुक्रवारी. दांडीला धरून आवळली.”

तिघं माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली वाकले, मी दाखवली त्या रेघेवरनं अंगठा फिरवला, परत फिरवला. म्हणाले, ओरखडा वाटतोय, अशा ओरखड्यांनी काही होत नाही, पोराच्या डोक्यात भीती बसलीय. पद्मजा, तू शांत राहा. असं सगळं हळू आवाजात, दात काढायच्या आधी बोलतात तसं.

आण्णा म्हणाले, “शुक्रवारी टिक् झालं ते?”

“तुम्ही ऐकलं होतं?”

“मला वाटलं जबड्याचं लाकूड चिरलं. संध्याकाळी बघितलं तर लाकूड धड. मग सोडून दिलं.”

त्यांचं काय चुकलं? त्या स्टँडवर आजवर चिरलं तर लाकूडच चिरलं होतं.

“काल का नाय बोललास?” अक्का म्हणाली.

“भ्यालो.”

माइकवाला परत ओरडला, दोन मिनिटं राहिली. अक्काचं तोंड पांढरं पडलं होतं. ती डॉक्टरांकडं बघायची, माझ्याकडं बघायची. माझा शब्द म्हणजे काय, घरात कोण धरत होतं? रोज एक खोटं, रोज एक भांडण. मी तिचं हँडल धरलं. म्हणलं, “काल मऊ लागली म्हणालीस ना? ती मऊ झाली नाय अक्का. ती सुटायला लागलीय.”

तिनं पुढचा ब्रेक दाबला. डोळे मिटले. अंगाचा भार हँडलवर टाकला, सोडला, परत टाकला. तिसऱ्यांदा टाकला नाय. उतरली.

“आण्णा, आपली काढा.”

तिच्या बुटाला बसणारी पायडलं काळ्या सायकलवर होती, ती बदलायला पाहिजेत. उजवं आण्णांनी एका दमात काढलं. डाव्याचा आटा उलटा असतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि तरी मी घाईत ते सोडवायचं सोडून आवळत बसलो. आण्णांनी माझ्या हातातनं पाना काढून घेतला. बाकीच्या मुली रेषेवर उभ्या होत्या, त्यातली एक आमच्याकडं बघून हसत होती. शिट्टी झाली तेव्हा अक्का रेषेच्या चार हात मागं होती.

पुढचं लांबवत नाय. चढाला लोखंड जड पडलं, ते पडणारच होतं. पहिल्यांदा वर पोचली तेव्हा नववी. उताराला मात्र फुटलेल्या रस्त्यावर बाकीच्या सगळ्या ब्रेक दाबत होत्या आणि हिची सायकल रस्ता धरून होती, तिथं तिनं चौघींना मागं टाकलं. दुसऱ्या चढाला परत तिघी पुढं गेल्या. दुसऱ्या उताराला परत त्या तिघींना मागं टाकलं. तिसऱ्या वळणाला मी उभा होतो. ती माझ्यासमोरनं गेली, दात आवळलेले, आणि मी एकटाच असा होतो की जो ती पुढं जाते का मागं ते बघत नव्हता, दांडी बघत होता.

पाचवी आली. चौथीत आणि तिच्यात एका सायकलीच्या लांबीचं अंतर.

अक्का झाडाखाली जाऊन बसली. पाणी दिलं तर प्याली. आण्णा लोखंडीच्या हँडलला हात लावून उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती सायकल कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

मग डॉक्टर आले. त्यांना राग आला नव्हता, तेच वाईट होतं. काळजी वाटत होती त्यांना. म्हणाले, सम्मेद, तू खरं बोललास हे चांगलंच, पण पोरीचं वर्ष गेलं बघ. मी असं करतो, मीच एकदा वर जाऊन खाली येतो. म्हणजे तुझ्या डोक्यातनं पण जाईल. त्यांनी दुसरी पायडलं लावून घेतली होती, हेल्मेट घातलं होतं. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं.

“नका जाऊ,” मी म्हणलं.

“अरे काही होत नाही.”

“नका जाऊ म्हणलं ना.”

ते हसले आणि पाय टाकायला लागले. मी सायकल त्यांच्या हातातनं ओढली. डॉक्टर अरे अरे म्हणत राहिले, आण्णा सम्या म्हणून धावले. मी सायकल आडवी घेतली, एका हातात हँडल, एका हातात सीट, आणि दांडीवर, त्या रेघेवर, गुडघा दिला.

लोखंड मोडताना आधी वाकतं, मग कुरकुरतं. हिनं तसलं काय केलं नाय. एकदम आवाज झाला, वाळलेल्या बांबूगत, आणि दांडी आत गेली. तुटलेल्या तोंडातनं काळे धागे बाहेर आले. मांडवातली माणसं जमली.

डॉक्टरांनी वाकून त्या भोकात बघितलं. मग त्यांनी हेल्मेट काढलं. तिसऱ्या वळणाकडं बघितलं. म्हणाले, “गुडघ्यानं गेली. नुसत्या गुडघ्यानं.” खाली बसले. मला जवळ घेतलं. आण्णांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि तो घरी येईपर्यंत काढला नाय. आणि अक्का उठून आली, तुटलेल्या दांडीत बोट घातलं, आणि तिथंच रडायला लागली. म्हणाली, सम्या, मी गेले असते रे.

त्याला आता तीन वर्षं झाली. मिरज-सांगलीत सायकल चालवणाऱ्या सगळ्यांना ही गोष्ट माहीत हाय. सम्याला नुसता आवाज ऐकून फ्रेम कळते, असं सांगतात. लांबनं लांबनं लोक कार्बनच्या सायकली घेऊन येतात, दुकानात रांग लागते. आण्णांनी जुना स्टँड काढून सीटच्या खांबाला धरायचा नवा केला. डॉक्टर दुसऱ्या सायकलवर फिरतात, महिन्यातनं एकदा माझ्याकडं तपासून नेतात.

एक गोष्ट कुणालाच माहीत नाय.

गुडघा नुसता नव्हता. मी सगळा जोर लावला होता. डॉक्टरांना वाचवायचं होतं, ते खोटं नाय, पण ते दुसरं. पहिलं हे की अक्का झाडाखाली बसली होती, पाचवी आली होती, आणि ती सायकल धड निघाली असती तर मी तिचं वर्ष फुकट घालवलं असतं. मला ती मोडायला पाहिजे होती. पूर्ण अंगाचा भार, दोन्ही हात खाली ओढून, दात खाऊन. तसा जोर लावला तर नवी कोरी फ्रेम पण मोडू शकते. आता मला ते माहीत हाय, दुकानात टाकाऊ, पण दांडी धड असलेल्या फ्रेमवर एकट्यानं करून बघितलंय. दोन मोडल्या. एक नाय मोडली.

टिक् झालं होतं हे खरं. अक्काला मऊ लागली होती हे खरं. पण तेवढ्यावर ती सायकल दोनदा डोंगर उतरून आली असती की नसती, हे विचारायला मी ती शिल्लकच ठेवली नाय.

आज पुण्याला मोठ्या मुलींची निवड हाय. अक्काकडं क्लबची नवी सायकल हाय, कार्बनचीच. काल सगळ्यांसमोर म्हणाली, सम्यानं हात लावल्याशिवाय मी हिच्यावर बसत नाय. क्लबातली सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मला खाली बघावं लागलं. म्हणून पहाटे उठून हे लिहायला बसलो. रेस झाल्यावर सांगू म्हणालो असतो, पण सांगायचं पुढं ढकलणं मी एकदा केलंय. तिनं माझ्या हातावर विसंबून सायकलवर बसायचं का नाय, ते तिला सगळं माहीत असताना ठरवू दे. गाडीत मी पुढं बसणार नाय, मागं तिच्या शेजारी बसणार. कराड यायच्या आत सगळं सांगतो.

खाली गाडी लागलीय. आण्णा हॉर्न वाजवायला लागले. सायकल अजून चढवायचीय, निघायला पाहिजे मला.